वेगाची गाडी की पल्ल्याची?

ऊसबिल जमा झालं किंवा बेदाण्याची पट्टी हातात आली, की करकंब परिसरातून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला बसकी, घुमणारी, दोन दारांची गाडी हवी आहे. वडिलांना तुळजापूर, गाणगापूर, गणपतीपुळे करायचं आहे, जमलं तर हंपीही. पैसा मात्र एकाच गाडीपुरता आहे. मग विचारलं जातं, ‘लांबच्या प्रवासाला स्पोर्ट्स कार बरी की ती दुसरी, ग्रँड टूरर म्हणतात ती?’ शोरूममधला विक्रेता बापाला आणि लेकाला दोघांनाही हवं तेच उत्तर देतो, म्हणून हा गोंधळ मिटत नाही.

माझं मत आधीच सांगतो. घरात एकच गाडी असणार असेल आणि ती करकंबातच उभी राहणार असेल, तर पल्ल्याची गाडी घ्या. वेगाची गाडी ही दुसरी गाडी म्हणूनच परवडते. याची कारणं हायवेवर सापडत नाहीत, ती हायवेच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत.

फरक, निर्णयापुरता

स्पोर्ट्स कार हलकी, बुटकी आणि कडक सस्पेन्शनची असते. तिच्यात दोन माणसं बसतात, फार तर मागे नावापुरत्या दोन जागा असतात. वळण घेताना ती रस्ता सोडत नाही आणि चालवणाऱ्याला रस्त्याचा खडान्‌खडा कळतो. गंमत त्यातच आहे आणि थकवाही त्यातूनच येतो.

ग्रँड टूररही वेगवान असते. पण पाचशे किलोमीटरनंतर खाली उतरणाऱ्याची पाठ धरू नये, बॅगा मावाव्यात, आत बोललेलं ऐकू यावं आणि पेट्रोलसाठी सारखं थांबावं लागू नये, हे धरून ती बनवलेली असते. वजनावरून अंदाज येईल. माझदाची एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्स कार साधारण १,१०० किलोची आहे, तर बेंटलीची कॉन्टिनेंटल जीटी २,२०० किलोच्या वर जाते.

एक सावधगिरी बाळगा. डिकीवर ‘जीटी’ लिहिलंय म्हणून गाडी ग्रँड टूरर ठरत नाही. फोक्सवॅगनची पोलो जीटी चांगली, चपळ गाडी होती, पण ती छोटी हॅचबॅकच होती. चौघांचं सामान तिच्या डिकीत मावत नव्हतं. बिल्ला वाचू नका, डिकी उघडून बघा.

हायवे बाजूला ठेवा, उरलेला रस्ता मोजा

करकंब पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावर आहे. टेंभुर्णीला पोहोचलात की पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ६५ लागतो. तिथून इंदापूर, भिगवण, पाटस करत पुण्यापर्यंत चार पदरी रस्ता आहे. त्यावर दोन्ही प्रकारच्या गाड्या सारख्याच खूश असतात. सरडेवाडी आणि पाटसच्या टोलनाक्यावर तर दोघींना सारखंच थांबावं लागतं.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. टेंभुर्णी ते पुणे १६५ किलोमीटर धरा. सलग ताशी ९० ने गेलात तर ११० मिनिटं लागतात, १०० ने गेलात तर ९९. वाचली ११ मिनिटं, आणि तीही रस्ता मोकळा असेल तर. चार पदरी दुभाजक रस्त्यावर कारसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा १०० आहे, द्रुतगती मार्गांवर १२०. राज्य सरकार ती कमी करू शकतं, म्हणून फलकावरचा आकडाच खरा धरायचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आता जागोजाग कॅमेरे आहेत. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, त्यावरही कारची मर्यादा १२० च आहे. तीनशेचा स्पीडोमीटर असलेल्या गाडीतल्या उरलेल्या १८० चे पैसे तुम्ही भरता, पण वापरायला कायद्याने मिळत नाहीत. कारने मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्यात १,००० ते २,००० रुपये दंड आहे. चालवणं धोकादायक ठरलं तर कलम १८४ लागतं आणि त्यात तुरुंगवासही आहे.

आता हायवे सोडल्यानंतरचं बघा.

भारतीय रस्ते परिषदेच्या निकषानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ ने गाडी सहज पार होते. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून बहुधा ११ ते १३ सेंटिमीटरवर असतं. दोन माणसं आणि सामान बसलं की ते आणखी खाली येतं. म्हणजे नियमात बसणाऱ्या गतिरोधकावरच गाडी घासायच्या बेतात असते. आणि गावोगावच्या शाळेसमोर, वस्तीसमोर लोकांनी रात्रीतून घातलेले गतिरोधक कुठल्या निकषात बसतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढचा बंपर घासला तर रंगाचं काम निघतं. चेंबर फुटला तर गाडी जागेवरच बसते आणि पुढचं सगळं क्रेनच्या हवाली होतं.

त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू होतो. करकंबात विठ्ठलराव शिंदे कारखान्याचं दुसरं युनिट आहे, आसपास आणखी कारखाने आहेत. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो की रिफ्लेक्टर नसतो. बसक्या गाडीत तुमचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर असतात. समोरच्या ट्रॉलीपलीकडचं काही दिसत नाही आणि ट्रॅक्टरवाल्यालाही तुम्ही आरशात दिसत नाही. ओव्हरटेक करायला ताकद भरपूर आहे, पण नजर पोहोचत नाही. या भागात हंगामात रात्री गाडी चालवणाऱ्याला हा एक मुद्दा पुरे व्हावा.

ठिकाणं तरी कोणती आहेत? गणपतीपुळ्याला जायचं तर सांगोला, मिरज, कोल्हापूर करून आंबा घाट उतरावा लागतो. हंपीला सोलापूरहून विजयपूर आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ५० ने होस्पेट. मोठा रस्ता बहुतेक ठिकाणी चांगला आहे. पण देवस्थानाचा शेवटचा फाटा, पावसाळ्यातला घाट आणि हॉटेलच्या पार्किंगचा खडा उतार या तिन्ही जागी बसकी गाडी अडते. घाटात मजा स्पोर्ट्स कारलाच येते, हे कबूल. ती मजा पुढे एखादी एसटी नसेल तेवढीच असते.

आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत पंढरपूरकडून निघायचा बेत करू नका, गाडी कोणतीही असो. वाहतूक वळवलेली असते आणि रस्त्यावर पहिला हक्क दिंड्यांचा असतो.

घरात बसून विचारायचे प्रश्न

- मागे कोण बसणार? ‘टू प्लस टू’च्या मागच्या जागेत मोठं माणूस तासभरही बसू शकत नाही. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून मागे शिरायचं असतं. गुडघेदुखीच्या आईला ते जमेल का, हे शोरूममध्ये नेऊन बघा. नुसतं विचारलंत तर ती हो म्हणेल.
- सामान किती? तुमच्या नेहमीच्या बॅगा गाडीजवळ घेऊन जा आणि डिकीत ठेवून बघा. परतीच्या वाटेवर आंब्याची पेटी किंवा काजूचं पोतं असतंच.
- चालवणार किती जण? एकटाच मुलगा चालवणार असेल तर लांबच्या प्रवासात थकवा त्याचाच. वडील आणि मुलगा आलटून पालटून चालवणार असतील तर दोघांना झेपेल अशी गाडी हवी.
- पंक्चर झालं तर? बऱ्याच स्पोर्ट्स कारना स्टेपनी नसते. टायरमधल्या हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसलेली चालते, असा नियम केंद्राने २०२० मध्येच केला आहे. रन-फ्लॅट टायर असेल तर तो साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालतो. टायरची बाजूच फाटली तर किटचा उपयोग नाही. त्या मापाचा टायर टेंभुर्णीत किंवा पंढरपुरात मिळतो का, याची चौकशी घ्यायच्या आधी करा.
- टायर किती जाड आहे? बाजूवरचा आकडा वाचा. २५५/३५ लिहिलं असेल तर रबराची भिंत २५५ च्या ३५ टक्के, म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटर. २०५/५५ असेल तर जवळपास ११३. खड्ड्यात रिम वाचवते ती ही भिंत. सोलापूरच्या उन्हाळ्यात, तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचा पातळ टायर हा धोकाच असतो.
- पेट्रोल कोणतं लागतं? काही गाड्यांना ९५ ऑक्टेन किंवा त्याहून चांगलं पेट्रोल लागतं. इंडियन ऑइलचं एक्सपी-९५ असं पेट्रोल आहे, पण ते प्रत्येक पंपावर नसतं. गाडी २०२३ पूर्वीची असेल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालते का, हे तिच्या पुस्तिकेत आणि टाकीच्या झाकणाजवळ बघा.
- वर्कशॉप किती लांब? महागड्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप पुण्यात असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला एक दिवस आणि साडेतीनशे किलोमीटर धरा. गाडी बंद पडली तर तिला सपाट ट्रकवरून न्यावं लागेल. दोरीने ओढता येणार नाही.

खिशाप्रमाणे पर्याय

वीस लाखांच्या आत. करकंबातल्या बहुतेक वाचकांचा खरा प्रश्न इथलाच असतो. या किमतीत खरी स्पोर्ट्स कार नाही आणि खरी ग्रँड टूररही नाही. तरी वेग आणि पल्ला दोन्ही थोडे थोडे देणाऱ्या गाड्या आहेत. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि तिची बहीण स्कोडा स्लाव्हिया यांचं दीड लिटरचं इंजिन १५० पीएसचं आहे. व्हर्टसची डिकी ५२१ लिटरची आणि पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटर उंच. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत दोघींना पाच तारे मिळाले. ह्युंदाई व्हर्नाचं टर्बो इंजिन १६० पीएसचं आहे. मुलाला दाबायला ताकद मिळते, मागे आई-वडील नीट बसतात आणि गतिरोधक बऱ्याच अंशी सुटतात. चौघांच्या घराला मी पहिल्यांदा या गाड्या बघायला सांगेन. आजी-आजोबा बरोबर येणार असतील तर सेडानमध्ये खाली बसून पुन्हा उठणं त्यांना जड जातं. मग इनोव्हासारखी उंच गाडी घ्या आणि स्पोर्टीपणाचा नाद सोडा.

वीस ते पन्नास लाख. इथे नव्यापेक्षा जुन्या गाड्यांचा मोह जास्त. बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीज जीटी आणि ६ सिरीज जीटी आपल्याकडे विकल्या गेल्या. चार दारं, मोठी डिकी, मागे पाय पसरायला जागा. आपल्या रस्त्यांसाठी ग्रँड टूररच्या सगळ्यात जवळ जाणाऱ्या गाड्या याच, असं माझं मत आहे. पण जुनी असेल तर दुरुस्तीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय हात घालू नका. टोयोटा कॅमरीची हायब्रिड शांत आणि कमी पेट्रोल पिणारी आहे. चालवण्यात झिंग नाही, पण पाचशे किलोमीटरनंतर तुम्ही ताजे असता. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आणि फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ मध्ये पूर्ण बनवून आयात केलेल्या, पन्नास लाखांच्या घरातल्या, मोजक्याच आल्या. वेगाची हौस आणि घरचा वापर दोन्ही साधणाऱ्या या गाड्या आहेत. अडचण एकच, सुटे भाग बाहेरून येतात.

दोन दारांची खरीखुरी. फोर्डची मस्टँग जीटी भारतात २०१६ मध्ये आली. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, लांब बोनेट. हायवेवर ती ग्रँड टूररसारखी वागते, म्हणून लोक फसतात. मागची जागा नावालाच आहे, आणि युरो एनकॅपने २०१७ च्या चाचणीत तिला दोनच तारे दिले होते. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे सुटे भाग आणि सर्व्हिसिंगची चौकशी आधी करा. पोर्शे ९११ घेणाऱ्याने पुढची बाजू ४० मिलिमीटरपर्यंत उचलणारी यंत्रणा बसवलेली गाडीच बघावी. बेंटली-फेरारी घेणाऱ्याला माझ्या लेखाची गरज नाही.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

शोरूमवाले त्यांच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतात. त्याला टेस्ट ड्राइव्ह म्हणत नाहीत. तुम्ही असं करा:

१. घरची चार माणसं बसवून चालवा. रिकाम्या गाडीचं सस्पेन्शन खोटं बोलतं.
२. वाटेत एक मोठा गतिरोधक आणि थोडा खराब रस्ता मागून घ्या. गतिरोधक सरळही ओलांडा आणि तिरकाही.
३. निम्मा वेळ स्वतः मागच्या सीटवर बसा. मांड्यांना आधार मिळतो का, डोकं छताला लागतं का, ते बघा.
४. ताशी ८० ला गाणी बंद करून टायरचा आवाज ऐका. तासन्‌तास हाच आवाज कानात राहणार आहे.
५. एक फेरी अंधार पडल्यावर घ्या. हेडलाइट किती लांब पडतो हे हंगामात कामाला येतं.

शंका उरली असेल तर त्या जातीची गाडी दोन दिवस भाड्याने घेऊन खरा प्रवास करून बघा. लाखोंच्या निर्णयापुढे ते भाडं काहीच नाही. मात्र भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या नंबरचीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन घेतलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पैशाची बाजू

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला याच टप्प्यांना १३, १४ आणि १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली किंवा ती आयात केलेली असेल तर २० टक्के. म्हणजे ४० लाखांची, इथे बनलेली पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर ५ लाख २० हजार, कंपनीच्या नावावर ८ लाख. ‘फर्मच्या नावावर घ्या, फायदा होतो’ असं सांगणाऱ्याला हा २ लाख ८० हजारांचा फरक आधी दाखवा.

शेतीचं उत्पन्न असलेल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. १० लाखांपेक्षा जास्त किमतीच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो. तुम्हाला आयकर लागत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरावंच लागतं. बरेच शेतकरी ते भरत नाहीत आणि हे पैसे सोडून देतात. दुसरं, एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे. पट्टीची रोकड पिशवीत घालून शोरूमला जाऊ नका. बँकेतून पैसे भरा.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. बाहेरून दर मागवा. बसक्या गाडीला इंजिन संरक्षण आणि टायरचं कलम जरूर घ्या, कारण साध्या पॉलिसीत खालून फुटलेल्या चेंबरमुळे झालेलं इंजिनचं नुकसान बहुधा बसत नाही. ‘हँडलिंग’ नावाची रक्कम बिलात दिसली तर ती कशाची हे लेखी विचारा. तो सरकारी कर नाही.

जुनी गाडी घेताना

वेगाच्या गाड्या बऱ्याचदा जुन्याच घेतल्या जातात, आणि फसवणूकही इथेच जास्त होते.

- चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचा आणि आरसीशी ताडून बघा. डीसी अवंती ही आपल्याकडे बनलेली स्पोर्ट्स कार २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मोठ्या गाजावाजाने आली होती. एकाच इंजिन-चॅसिस क्रमांकावर एकाहून जास्त नोंदण्या आणि कर्जं घेतल्याच्या आरोपावरून तिच्या निर्मात्याला मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये अटक केली. दुर्मीळ गाडी समोर आली की कागद बघायला कुणाला भान राहत नाही.
- नंबर परराज्याचा असेल, विशेषतः पुदुच्चेरीसारख्या कमी कराच्या ठिकाणचा, तर गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवताना इथे नव्याने नोंद करून कर भरावा लागतो. तो किती पडेल हे अकलूजच्या परिवहन कार्यालयात आधी विचारा. आपली एमएच-४५ ची नोंदणी तिथेच होते.
- दिल्लीकडून आलेली स्वस्त डिझेल गाडी स्वस्त का आहे, ते समजून घ्या. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर निघाल्या.
- बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विम्याचं हस्तांतरण १४ दिवसांत मागा. हे राहिलं आणि अपघात झाला तर पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर आणि नुकसान तुमचं.
- थकलेली ई-चलनं बघा. वेगाच्या गाडीवर ती असतातच.
- गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. वेल्डिंग, ओरखडे, वाकलेले आर्म. वरचा रंग दहा मिनिटांत चकचकीत होतो, खालची बाजू लपवता येत नाही.

घेतल्यावर उंच करायच्या भानगडीत पडू नका

‘स्प्रिंग बदलून उंच करून देतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. कंपनीच्या मूळ रचनेत नसलेला बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालकाने असा बदल केला तर कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सायलेन्सर काढून आवाज वाढवला तर १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने परवाना रद्द. त्याहून मोठं नुकसान वॉरंटीचं आणि विम्याच्या दाव्याचं होतं. गाडी उंच हवी असेल तर उंच गाडीच घ्या.

तुमचे हक्क

नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ताब्यात देऊ नये, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४२ सांगतो. ‘नंबर मागून येईल, गाडी घेऊन जा, मुहूर्त आहे’ असं कुणी म्हणालं तर मुहूर्त पुढे ढकला. बुकिंगची रक्कम देताना मॉडेल, रंग, बनावटीचं वर्ष, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळेल, हे सगळं पावतीवर लिहून घ्या. तोंडी कबुली पुढे कुणाला आठवत नाही.

गाडीत दोष निघाला किंवा वॉरंटी नाकारली, तर आधी कंपनीला लेखी कळवा. पोच जपून ठेवा आणि प्रत्येक जॉबकार्डची प्रत घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही सुटलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जा. गाडी पुण्यात घेतली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येते. वकील लावणं सक्तीचं नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. भरलेली किंमत २० ते ५० लाखांच्या दरम्यान असेल तर फी १,००० रुपये आहे. ५० लाखांच्या वरची गाडी असेल तर प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. फर्मच्या नावावर घेतलेल्या गाडीला ‘हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असा आक्षेप समोरून येऊ शकतो. स्वतःच्या नावावर घेण्याचं हे दुसरं कारण.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे. वर्कशॉपच्या ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या आश्वासनावर ती वाढत नाही.